‘एरोसोल’ आणि ‘धूलिकण’ : एक परिभाषाविचार

शास्त्रीय संज्ञेचा अर्थ एकच असतो आणि व्यवहारातल्या शब्दाला मात्र अनेक अर्थच्छटा असतात, असे परिभाषेच्या चर्चेत बहुधा गृहीत धरले जाते. ‘एरोसोल’ ही संज्ञा या गृहीताला अपवाद ठरावी अशी आहे. जेमतेम शंभर वर्षांच्या आयुष्यात तिने निदान चार अर्थ धारण केले. त्यांपैकी दोन एकाच शास्त्राच्या ग्रंथांतून एकाच वेळी वावरतात. आणि एक तर असा आहे की, ज्या वस्तूला ही संज्ञा लावली जाते तिच्या पोटात एरोसोल नसतेच. मराठीने ही संज्ञा स्वीकारली ती या सगळ्या गुंत्यासकट. आणि तो उलगडण्यापूर्वीच वृत्तपत्रांनी व शासकीय सूचनांनी तिच्या क्षेत्रात ‘धूलिकण’ हा दुसराच शब्द प्रस्थापित केला. या दुसऱ्या शब्दाने केलेला घोटाळा पहिल्याहून अधिक गंभीर आहे, हे दाखविणे हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे.

या विवेचनासाठी ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड या दोन तालुक्यांचा आधार घेणे सोयीचे आहे. एरोसोलचे जे जे प्रकार शास्त्रग्रंथांत वर्णिले जातात ते जवळजवळ सर्व या दोन तालुक्यांत, आणि तेही एका वर्षाच्या फेऱ्यात, पाहावयास सापडतात. पावसाळ्याच्या तोंडी भाताच्या रोपांसाठी भाजल्या जाणाऱ्या राबांचा धूर, वीटभट्ट्यांचा धूर आणि त्यांच्या आवारातील माती, मुंबई-नाशिक महामार्गावर आसनगाव ते कसारा या टापूत उडणारा धुरळा, माळशेज घाटात आषाढ-श्रावणात उतरणारे ढग, आणि पाठीवरच्या पंपाने पिकावर मारलेले औषध : शास्त्राच्या दृष्टीने ही सर्व एकाच जातीची उदाहरणे आहेत. बोलणाऱ्याच्या दृष्टीने मात्र ती एका जातीची नाहीत. प्रश्नाचे मूळ नेमके येथेच आहे.

प्रथम संज्ञेचा इतिहास पाहू. टॉमस ग्रॅहॅम या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने १८६१ मध्ये ‘कोलॉइड’ हा शब्द रसायनशास्त्रात आणला. अतिसूक्ष्म कण द्रवात विखुरलेले असून ते विरघळलेलेही नसतात आणि तळाशीही बसत नाहीत, अशा द्रवरूप कोलॉइडला पुढे ‘सोल’ म्हणू लागले, आणि ज्या सोलमध्ये माध्यम पाणी असेल त्याला ‘हायड्रोसोल’. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक डॉनन यांनी याच धर्तीवर, माध्यम हवा असेल तेव्हा ‘एरोसोल’, असा शब्द घडविला. १९२० मध्ये जर्मन हवामानशास्त्रज्ञ आउगुस्ट श्माउस यांनी तो आपल्या शास्त्रात आणला. या मूळ अर्थाने एरोसोल म्हणजे नुसते कण नव्हेत. हवा आणि तिच्यात तरंगणारे घन वा द्रव कण अशी ती सबंध व्यवस्था होय. ज्याप्रमाणे ‘सरबत’ म्हणजे केवळ साखर नव्हे, त्याप्रमाणेच हे आहे.

दुसरा अर्थ हवामानशास्त्रज्ञांच्या हातून आला. त्यांच्या कामात हवा ही सर्वत्र गृहीतच असल्यामुळे ‘एरोसोल’ म्हणजे केवळ तिच्यातील कण, असा अर्थसंकोच झाला. वरवर पाहता हा फरक किरकोळ वाटेल. परंतु व्याकरणाने तो पकडता येतो. मूळ अर्थाने हा शब्द समूहवाचक व एकवचनी आहे. कणवाचक अर्थाने तो अनेकवचन घेतो. मराठीत जेव्हा ‘एरोसोल्समुळे पावसावर परिणाम होतो’ असे वाक्य लिहिले जाते, तेव्हा मराठी लेखकाने शब्दाबरोबर इंग्रजी अनेकवचनाचा प्रत्ययही उचलला आहे, म्हणजेच अर्थसंकोच झालेले रूपच उचलले आहे, हे स्पष्ट होते. मूळ अर्थ मराठीत फारसा आलाच नाही. हवामानशास्त्राने आणखी एक संकोच केला आहे तो असा : व्याख्येप्रमाणे ढग हेही एरोसोलच ठरते, पण हवामानशास्त्रज्ञ ढगातील जलबिंदूंना सहसा या संज्ञेत धरीत नाहीत, ज्या कणांवर ते जलबिंदू जमतात त्यांनाच धरतात. जॉन एटकिन यांनी १८८० च्या सुमारास प्रयोगांनी दाखविले की, कणविरहित शुद्ध हवेत बाष्प सहजासहजी थिजत नाही. त्याला टेकावयास एखादा कण लागतो. शहापूर तालुक्यातील तानसा आणि भातसा यांच्या जलाशयांतून मुंबईला जे पाणी जाते, त्याचा प्रत्येक थेंब कधीकाळी अशाच एखाद्या कणाभोवती जमलेला असतो. एरोसोल म्हणजे केवळ प्रदूषण, असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

तिसरा अर्थ बाजारातला. नॉर्वेच्या एरिक रोथाइम यांनी १९२० च्या दशकात दाबाखालील वायूच्या जोरावर द्रव्य फवारणाऱ्या डब्याचे एकस्व मिळविले. आणि १९४१ मध्ये अमेरिकेच्या कृषिखात्यातील गुडह्यू व सलिव्हन यांनी कीटकनाशकासाठी असा डबा तयार केला. दुसऱ्या महायुद्धात उष्ण प्रदेशांत लढणाऱ्या सैनिकांना डासांपासून वाचविण्यासाठी तो फार उपयोगी पडला. डब्यातून सुटणारा सूक्ष्म फवारा हा खरोखरच एरोसोल होता. म्हणून डब्याला ‘एरोसोलचा डबा’ म्हणू लागले आणि पुढे नुसते ‘एरोसोल’. आपल्या साहित्यशास्त्रात लक्षणेचे जे जुने उदाहरण दिले जाते, गंगेवरच्या गौळवाड्याचे, त्याच जातीची ही लक्षणा आहे. गंमत अशी की, डबा बंद असतो तेव्हा त्यात द्रव असतो आणि दाबलेला वायू असतो. एरोसोल असते ते डब्याबाहेर, तोंड दाबल्यानंतर.

ही लक्षणा निरुपद्रवी राहिली नाही. १९७४ मध्ये मोलिना व रोलंड यांनी दाखविले की, अशा डब्यांत व शीतकपाटांत वापरले जाणारे क्लोरोफ्लुओरोकार्बन वायू वातावरणाच्या वरच्या थरातील ओझोनचा नाश करू शकतात. १९८७ च्या माँट्रिअल कराराने त्या वायूंवर निर्बंध आले. भारत १९९२ मध्ये त्या करारात सामील झाला. या सर्व काळात वृत्तपत्रांतून व शालेय पुस्तकांतून ‘एरोसोलमुळे ओझोनचा थर विरळ होतो’ अशी विधाने होत राहिली. येथे दोषी होता तो वायू; आणि वायू हा एरोसोलच्या व्याख्येतच बसत नाही. डब्याचे नाव डब्यातील वायूच्या माथी आणि वायूचा दोष हवेतल्या कणांच्या माथी, असा दुहेरी अन्याय या एका वाक्याने केला.

मराठी बोलण्यात मात्र ‘एरोसोल’ हा शब्द डब्याच्या अर्थानेही रुजला नाही. शहरी घरांत एके काळी ‘फ्लिट मारणे’ असे म्हणत; एका परदेशी कीटकनाशकाचे नाव क्रियेचे नाव झाले होते. आता शहापूरच्या बाजारात काय किंवा मुरबाडच्या बाजारात काय, गिऱ्हाईक ‘स्प्रे’ मागते. दम्याच्या रोग्याला १९५६ पासून उपलब्ध झालेले, ठराविक मात्रेत औषधाचा फवारा सोडणारे जे साधन आहे, त्याला डॉक्टर काहीही म्हणोत, रोगी ‘पंप’ म्हणतो. आणि शेतकरी ज्याने औषध फवारतो तोही ‘पंप’च. वैद्याच्या आणि शेतकऱ्याच्या पंपांतून निघणारे द्रव्य शास्त्राच्या भाषेत एकाच वर्गात पडते. लोकांनी ते साम्य साधनाच्या नावात पकडले, द्रव्याच्या नावात पकडले नाही.

चौथा अर्थ वैद्यकातला. आणि शब्दार्थाच्या वादाची किंमत किती मोठी असू शकते हे त्याने १९-२० सालच्या साथीत दाखवून दिले. वैद्यकात पुष्कळ काळ असा दंडक होता की, श्वासातून, खोकल्यातून वा शिंकेतून निघणारा कण ५ मायक्रॉनहून मोठा असेल तर तो ‘थेंब’, लहान असेल तर ‘एरोसोल’. (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) थेंब जवळच पडतो, एरोसोल दूर जाते, असा त्याचा अर्थ. पदार्थविज्ञान मात्र निराळेच सांगते. पाण्याच्या घनतेचा १०० मायक्रॉनचा कण माणसाच्या तोंडाच्या उंचीवरून, म्हणजे सुमारे दीड मीटरवरून, स्थिर हवेत सहा-सात सेकंदांत खाली येतो. १० मायक्रॉनच्या कणाला आठ-नऊ मिनिटे लागतात. आणि १ मायक्रॉनच्या कणाला जवळजवळ बारा तास. म्हणजे ‘पडणारा’ आणि ‘तरंगणारा’ यांच्यातील सीमारेषा काढायचीच तर ती १०० च्या आसपास काढावी लागेल, ५ वर नव्हे. विल्यम वेल्स यांनी १९३४ मध्ये केलेले विवेचन याच दिशेचे होते. तरीही २८ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविड हा हवेतून पसरणारा रोग नाही, असे जाहीर केले. आणि त्याच वर्षीच्या जुलैत, दोनशेहून अधिक शास्त्रज्ञांच्या आवाहनानंतर, बंदिस्त व गर्दीच्या जागी तशी शक्यता असल्याचे मान्य करावे लागले. अखेर एप्रिल २०२४ मध्ये या संघटनेने परिभाषेचाच एक अहवाल प्रसिद्ध केला आणि थेंब व एरोसोल हा भेद सोडून ‘श्वसनमार्गातून निघणारे संसर्गकारक कण’ अशी सर्वसमावेशक संज्ञा स्वीकारली. एका आंतरराष्ट्रीय संस्थेला रोगापेक्षा शब्दांवर अहवाल काढावा लागतो, हे भाषेच्या अभ्यासकाने विसरण्यासारखे नाही. मराठीत या काळात ‘तुषार’ हा शब्द सर्वत्र होता. तुषार उडतात आणि खाली पडतात, हे मराठी माणसाच्या मनातील त्या शब्दाचे चित्र. त्यामुळे दोन मीटर अंतर पटले, खिडकी उघडी ठेवण्याचे महत्त्व पटले नाही. यात बोलणाऱ्याचा काय दोष?

आता मराठीच्या स्वतःच्या शब्दसंपत्तीकडे वळले पाहिजे. एरोसोलविज्ञान कणांचे वर्गीकरण त्यांच्या उत्पत्तीवरून करते. घन पदार्थ फुटून, घासून वा कुटून जे कण उडतात ते एका वर्गात. ज्वलनातून जे निघतात ते दुसऱ्या. बाष्प थिजून जे द्रवकण होतात ते तिसऱ्या. आणि द्रव फोडून जे उडविले जातात ते चौथ्या. मराठीत या चारही वर्गांना स्वतंत्र, जुने आणि जिवंत शब्द आहेत : धूळ, धूर, धुके, फवारा. इतकेच नव्हे, तर प्रत्येकाच्या पोटात आणखी भेद आहेत. धुळीच्या घरात धुरळा आहे, फुफाटा आहे, मिरची कांडताना उडणारा खकाणा आहे, भात उफणताना उडणारा भुसा आहे. धुराच्या घरात काजळी आहे, धुरी आहे. कृषिखात्याच्या मराठीने तर येथे मोठी सूक्ष्म दृष्टी दाखविली : भुकटी मारणे ती ‘धुरळणी’, द्रव मारणे ती ‘फवारणी’, आणि धूर देणे ती ‘धुरी’. कोणत्याही परिभाषा समितीने ठराव न करता हा त्रिविध भेद शेतकऱ्याच्या तोंडी बसला आहे.

या शब्दांच्या आरंभीचा ‘धू’ पाहून ते सर्व एकाच धातूपासून निघाले असे म्हणण्याचा मोह होतो. ‘धूळ’ हा शब्द संस्कृत ‘धूलि’पासून आलेला आहे, ‘धूर’ हा ‘धूम’च्या परिवारातला, आणि ‘धूम’चा संबंध लॅटिनमधील ‘फूमुस’शी आहे, हे तुलनात्मक भाषाशास्त्राने निश्चित केले आहे. ध्वनिसाम्यामुळे बोलणाऱ्याच्या मनात या शब्दांचे एक कुटुंब बनते हे खरे. परंतु कुटुंब बनले तरी व्यक्ती एकरूप होत नाहीत. धुळीने माखलेला माणूस धुराने काळवंडलेल्या माणसाहून निराळा आहे, याबद्दल कोणाही मराठी भाषकाच्या मनात संदेह नाही. धुके आणि ढग यांतला भेद तर वस्तूचा नसून पाहणाऱ्याच्या जागेचा आहे. मुरबाड तालुक्यातील टोकावड्याहून जो माळशेजच्या माथ्यावर ढग दिसतो, तोच घाटात पोचलेल्या प्रवाशाला धुके वाटतो. वृत्तपत्रांनी ‘धूर’ आणि ‘धुके’ यांचा सांधा करून ‘धुरके’ हा शब्द चालू केला. लंडनमध्ये १९०५ च्या सुमारास इंग्रजीत झालेल्या ‘स्मॉग’ या जोडशब्दाच्या वळणावरच तो बेतलेला आहे, पण ऐकताच कळतो आणि खोटे काही सांगत नाही. पत्रकारांच्या हातून झालेली ही उत्तम शब्दनिष्पत्ती होय.

तात्पर्य, मराठीत जातिविशेषांना नावे आहेत; नाही ते या सर्वांना कवेत घेणारे अधिनाम. कावळा, चिमणी, पारवा, घार हे शब्द आहेत, पण ‘पक्षी’ हा शब्द नाही, अशी ही अवस्था आहे. अशी पोकळी भरण्याचे मार्ग तीन : परका शब्द घ्यावा, नवा शब्द घडवावा, किंवा असलेल्या एखाद्या विशेषनामाला बढती देऊन सामान्यनाम करावे. मराठीत या बाबतीत तिन्ही मार्ग चोखाळले गेले.

पहिल्या मार्गाने ‘एरोसोल’ आला. त्याच्या लेखनातही एकवाक्यता नाही. एरोसोल, एअरोसोल, एरोसॉल अशी रूपे आढळतात. दुसऱ्या मार्गाने ‘वायुकलिल’ हा शब्द घडविला गेला. कोलॉइडसाठी ‘कलिल’ हा शब्द मराठी विज्ञानलेखनात रूढ आहे. संस्कृतात त्याचा अर्थ मिसळलेले, दाट, गहन. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात तो मोहाच्या संदर्भात येतो. परिभाषाकाराने त्याची निवड केली ती डोळसपणे, कारण गढूळपणाची आणि मिश्रणाची अशा दोन्ही कल्पना त्यात आहेत. ‘वायुकलिल’मध्ये मूळ संज्ञेची घडण जशीच्या तशी उतरली आहे, आणि कण व हवा मिळून होणारी व्यवस्था हा मूळ अर्थही, जो इंग्रजीत पातळ झाला, येथे शाबूत राहिला आहे. गुण मोठा, पण या शब्दाला ऐकणारा नाही. १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाल्यापासून मराठी परिभाषेवर दुर्बोधतेचा जो आरोप होत आला, तो पुष्कळदा आळशी माणसाचा आरोप असतो. अपरिचित शब्द वापरल्यानेच परिचित होतो. तथापि ‘वायुकलिल’ हा शब्द विद्यापीठाच्या भिंतींत राहणार, हे मान्य करून त्याला तेथे निर्धास्तपणे नांदू द्यावे.

खरी अडचण तिसऱ्या मार्गाची आहे. हवेच्या गुणवत्तेच्या बातम्यांतून १० मायक्रॉनपर्यंतच्या कणांना ‘धूलिकण’ आणि २.५ मायक्रॉनपर्यंतच्या कणांना ‘सूक्ष्म धूलिकण’ वा ‘अतिसूक्ष्म धूलिकण’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. मूळ इंग्रजी संज्ञेत धुळीचा उल्लेख नाही. तेथे केवळ कणरूप द्रव्य असे म्हटले आहे. मराठी भाषांतरकाराने ‘कण’ या शब्दाला एकटेपण वाटू नये म्हणून की काय, त्याच्यामागे ‘धूलि’ जोडून दिली, आणि चार भावंडांपैकी एकाला सगळ्या घराचे नाव दिले. यातील विपर्यास असा की, २.५ मायक्रॉनखालच्या वर्गात धूळ हा सहसा लहान भागीदार असतो. माती कुटून, घासून इतके बारीक कण फारसे होत नाहीत. ते होतात जळण्यातून, आणि वायूंचे हवेतच रूपांतर होऊन बनणाऱ्या सल्फेट, नायट्रेट यांसारख्या क्षारांतून. फुप्फुसाच्या खोल भागांत पोचणारे कण ते हेच. म्हणजे ज्या कणांत धूळ कमीत कमी आणि धूर अधिकात अधिक, नेमके त्यांनाच ‘अतिसूक्ष्म धूलिकण’ हे नाव मिळाले.

यावर एक आक्षेप येण्यासारखा आहे आणि तो विचारार्ह आहे. ‘तेल’ हा शब्द ‘तीळ’ या शब्दापासून झाला. आरंभी तो तिळाच्या स्नेहापुरता होता, आज शेंगदाण्याचे, खोबऱ्याचे, किंबहुना खनिजही तेल आहे. विशेषाला बढती देऊन सामान्य करणे ही भाषेची स्वाभाविक रीत आहे. मग ‘धूलिकण’ने काय पाप केले? उत्तर असे की, ‘तेल’ हा शब्द विस्तारत गेला तेव्हा तो ‘तीळ’ या शब्दापासून रूपाने तुटलेला होता. ‘तेल’ म्हणताना कोणाला तीळ आठवत नाही. ‘धूलिकण’मधील धूळ मात्र अंगणातल्या धुळीइतकी ताजी आहे. शिवाय तो विस्तार बोलणाऱ्यांनी अनेक शतके वापरता वापरता केला, आणि त्या काळात नवनव्या तेलांशी त्यांचा प्रत्यक्ष परिचय होत गेला. ‘धूलिकण’ची बढती कार्यालयातून झाली, बोलणाऱ्याच्या अनुभवाने तिला संमती दिलेली नाही. तो शब्द ऐकणारा जुन्याच अर्थाने ऐकतो.

आणि ऐकतो म्हणूनच प्रश्न शब्दापुरता राहत नाही. शहापूर-मुरबाडमध्ये भाताचे रोप करावयाच्या जागेवर फाल्गुन-चैत्रापासून शेण, पालापाचोळा, ऐनासारख्या झाडांच्या फांद्या, गवत यांचे थर रचून त्यांवर बारीक माती पसरतात आणि ते भाजतात. तणाचे बी मरावे, माती भुसभुशीत व्हावी, राखेचे खत मिळावे, हे त्याचे हेतू. या ‘राबा’ची नोंद १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये आहे. १८८० च्या दशकात राबासाठी जंगलातील फांद्या तोडण्यावर आलेल्या निर्बंधांवरून ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत एवढी कुरकुर झाली की मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. आणि १८९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या शेतीविषयक अहवालात व्होएल्कर यांनीही राबाची चर्चा केली. त्या वादाचे विषय जंगल आणि जमीन हे होते. आज वाद धुराचा आहे. पण धुराला ‘धूलिकण’ म्हटल्याबरोबर तो वाद राबापासून निसटतो आणि रस्त्यावर जातो. डंपर, खाणी, समृद्धी महामार्गाचे शहापूर तालुक्यातील बांधकाम, यांकडे बोट जाते. तेथे धूळ नव्हती असे नाही. ती भरपूर होती, आणि तिच्याविषयीची तक्रार रास्तच होती. पण डोळ्यांना दिसणारी, कपड्यांवर बसणारी ती धूळ बहुतांशी जाड कणांची. छातीत खोल जाणारे कण निराळ्याच वाटेने घरात शिरतात.

त्या वाटांपैकी सर्वांत जवळची वाट चुलीची. कारवीच्या कुडाच्या घरात, धुराडे नसलेल्या स्वयंपाकाच्या कोपऱ्यात, लाकूड व गोवऱ्या जळतात तेव्हा चुलीपुढे बसलेल्या बाईच्या श्वासात जाणाऱ्या कणांचे प्रमाण शहरातल्या वाईटात वाईट दिवशीच्या प्रमाणाहूनही कितीतरी अधिक असू शकते. भारतात २००९ पासून २.५ मायक्रॉनखालच्या कणांसाठी वार्षिक सरासरीची मर्यादा दर घनमीटर हवेत ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचविलेली मर्यादा ५ आहे. या मर्यादा बाहेरच्या हवेच्या. चुलीपुढची हवा कोणत्याही फलकावर येत नाही. २०१९ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम शहरांसाठी आहे. त्याच्या यादीत ठाणे आहे, उल्हासनगर आहे, मुरबाडला लागून असलेल्या अंबरनाथ तालुक्यातले बदलापूर आहे. शहापूर व मुरबाड नाहीत. यादीत नसणे हा प्रशासनाचा भाग झाला. परंतु यादीत नसलेल्या या गावांपर्यंत शहरांच्या यादीतला शब्द मात्र वृत्तपत्रांतून पोचला आहे, आणि तो चुलीच्या धुराला नाव देत नाही.

वीटभट्टीवर तर हा घोटाळा एकाच आवारात दिसतो. हिवाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत कातकरी कुटुंबे भट्ट्यांवर राबतात. माती मळताना, सुकलेल्या विटा उचलताना धूळ. भट्टी पेटल्यावर कोळशाचा आणि तुसाचा धूर. दोहोंपासून बचाव करण्याचे उपाय निराळे आहेत. पाणी शिंपडून माती बसते, धूर बसत नाही. फडके बांधून जाड कण अडतात, धुराचे बहुतेक कण त्यातून आरपार जातात. दोहोंना ‘धूलिकण’ म्हणणाऱ्या सूचनेने पाणी शिंपडा आणि रुमाल बांधा एवढेच सुचणार, आणि कामगाराची समजूत होणार की आपण सूचना पाळली.

येथे समन्वयवाद्यांचे एक मत असे असेल की, अर्थ काय घ्यायचा ते कंसात खुलासा करून सांगावे. शब्द बदलण्याची गरज नाही. शास्त्रीय निबंधात हे चालेल. सार्वजनिक सूचनेत खुलासा कोणी वाचत नाही. तेथे शब्दच खुलासा असतो. म्हणून शास्त्रलेखनात व्यवस्थेसाठी ‘वायुकलिल’, बातमीत व सूचनेत ‘हवेतील सूक्ष्मकण’, आणि प्रत्यक्ष लोकांशी बोलताना ज्याचे त्याचे स्वतःचे नाव, म्हणजे धुराला धूर आणि धुळीला धूळ, अशी वाटणी करणे युक्त होईल. ‘सूक्ष्मकण’ हा शब्द रंगहीन आहे, असे कोणी म्हणेल. अधिनाम रंगहीन असावे हेच बरे. ‘पक्षी’ या शब्दालाही कावळ्याचा काळेपणा नसतो. ‘धूलिकण’ हा शब्द टाकून द्यावयाचा नाही. महामार्गाच्या कडेला, खडी फोडणाऱ्या यंत्रापाशी, भाताच्या गिरणीत तो अगदी योग्य आहे.

पदव्युत्तर अभ्यासक्रमात क्षेत्रकार्यासाठी जाणाऱ्या विद्यार्थ्यांच्या प्रश्नावल्यांना ही वाटणी तात्काळ लागू करता येईल. ‘तुम्हाला धूलिकणांचा त्रास होतो का?’ असा प्रश्न मुरबाडच्या एखाद्या पाड्यावर विचारला, तर उत्तर रस्त्याचे येईल, आणि रस्ता दूर असेल तर ‘नाही’ असे येईल. त्या ‘नाही’ची गणना होईल, तक्ता होईल, आणि त्या पाड्यात हवा स्वच्छ असल्याचा निष्कर्ष निघेल. तोच प्रश्न तीन प्रश्नांत विभागला पाहिजे : चूल घरात पेटते की बाहेर, आणि धूर कोठून निघून जातो, राब कोणत्या महिन्यात भाजतात आणि तेव्हा वारा कोणत्या बाजूचा असतो, भट्टीवर जाणारे घरातले कोण आणि किती महिने. या तिन्ही प्रश्नांत एकही पारिभाषिक शब्द नाही, आणि उत्तर देणाऱ्या बाईला त्यांतल्या प्रत्येकाचे उत्तर ठाऊक आहे.